सेन्सरची तहान

दादाला पाणी पोचवायचं होतं. बाकी काही नाही.

रस्ता संपून नुसत्या चाकांच्या खुणा उरतात, तिथून पुढे वाळवंटाच्या पोटात माझा मोठा भाऊ दोन कामगारांना घेऊन बोअर खणत होता. त्याची पाण्याची टाकी फुटली. उरलंय ते उद्यापर्यंत कसंबसं पुरेल, एवढा निरोप वायरलेसवर आला. मामांनी ट्रकवर पाण्याची टाकी चढवली आणि मला हाक मारली. मामा ट्रक चालवतात. मी गाड्यांचं वायरिंग करते. ट्रक बराच जुना. आम्हा दोघांना त्याचे सगळे आवाज तोंडपाठ.

*सुई*

भर उन्हात इंजिन बंद पडलं. धूर नाही, खोकला नाही. फुंकर मारून दिवा विझवावा तसं!

स्टार्टर इंजिन गरागरा फिरवत होता, पण आरपीएमची सुई शून्यावर. म्हणजे इंजिन फिरतंय ही बातमी कॉम्प्युटरला पोचतच नव्हती, आणि बातमी आल्याशिवाय तो डिझेल सोडत नाही. बातमी देणारा सेन्सर अंगठ्याएवढा, इंजिनाच्या पुढच्या अंगाला, खाली.

मामांनी सीटखालून डबी काढली. चकचकीत, कंपनीच्या शिक्क्याची. मी सेन्सर बदलला. चावी फिरवली.

सुई ढिम्म.

*वायर*

म्हणजे सेन्सर नाही. म्हणजे वायर. म्हणजे...

फ्यूज पाहिले. रिले पाहिला. अर्थिंग घासलं. वायरींच्या जुडग्यावरची टेप ब्लेडने चिरली आणि एकेक वायर मीटरने तपासत गेले. धड. धड. हीसुद्धा धड! दोष सापडत नसताना प्रत्येक चांगली वायर थोबाडीत मारल्यासारखी लागते. बॉनेटखाली कोपरं भाजत होती. चारी बाजूंना वाळू, वाळूवर थरथरणारी हवा, आणि त्या हवेपलीकडे कुठेतरी दादा. अजून तपासायला वायरी उरल्यात का, असं मामांनी विचारलं. उरल्या नव्हत्या.

काहीच सुचेना म्हणून डबीतून काढून बसवलेल्या सेन्सरलाच मीटर लावलं. आतली तार तुटलेली. इंजिनातून काढून सावलीत ठेवलेल्या सेन्सरला लावलं. तो जिवंत!

"मामा, डबीतला हा कधी आणलात?"

"तो जुना. नवा आणला तेव्हा नवा बसवला आणि हा जुना नव्याच्या डबीत ठेवला. टाकून कसा द्यायचा?"

मामांच्या घरी उडालेले बल्बसुद्धा नव्या बल्बच्या खोक्यांत जपून ठेवलेले असतात. हे मला लहानपणापासून ठाऊक. तरी मी डबीवर विसंबले.

*थेंब*

काढलेला सेन्सर एव्हाना निवला होता. तो परत बसवला. इंजिन धडाडलं! जरा अंतर गेलो आणि तो तापला. मेला. त्याच्यावर पेलाभर पाणी ओतलं. उठला. पुन्हा तापला. मेला.

तो दुरुस्त होण्यातला नव्हता. त्याला फक्त थंड ठेवता येत होतं, आणि थंड असं आमच्याकडे एकच होतं.

टाकीतून बारीक नळी काढून सेन्सरवर सोडली. मी मागे टाकीशी, हात तोटीवर. धार मोठी ठेवली की इंजिन मजेत गुरगुरायचं आणि दादाचं पाणी वाळूत जायचं. धार लहान केली की धक्का! बंद! मामा शिव्या द्यायचे, मी तोटी सोडायचे. मागे वाळूत एक ओली रेघ उमटत होती आणि बघता बघता सुकत होती. मी मागे बघायचं सोडून दिलं.

*तळ*

पोचलो तेव्हा टाकी तळाला गेली होती. तिघं ट्रककडे चालत आले, पळण्याचं त्राण नव्हतं. म्हातारा कामगार दोन घोट प्यायला आणि पेला धाकट्याला देऊन टाकीवर कान लावून वाजवू लागला. आवाज पोकळ आला.

मी दादाला सगळं सांगितलं. एवढ्याशा पाण्यावर इथे राहता येणार नाही. पिऊन परतायचं म्हटलं तर सेन्सरला काही उरत नाही.

दादाने बोअरच्या मशीनकडे पाहिलं. तिचं इंजिन आमच्याच ट्रकच्या जातीचं, सेन्सरही तोच. मामांनीच बघून दिलेलं.

"सकाळी बोअरमधून ओली माती आली," तो म्हणाला. "पहिल्यांदाच."

मामा टोपी काढून उगाच झटकत राहिले. मशीन बंद ठेवून गेलो तर परत यायला पैसा नव्हता, माणसंही नव्हती, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. म्हातारा अजून टाकीला टेकून उभा होता.

दादाने पाना मागितला.

मशीनचा सेन्सर त्याने स्वतः काढला, मला हात लावू दिला नाही. मग पुसून माझ्या तळहातावर ठेवला. मी तो ट्रकला बसवला. इंजिन लागलं आणि लागलेलंच राहिलं! नळी मी गुंडाळून टाकली. उरलं होतं ते पाणी आता फक्त माणसांचं होतं.

सगळे चढले. दादा खालीच. मामांनी हॉर्न वाजवायला हात उचलला, मी धरला.

दादाने पत्र्याचा एक तुकडा शोधला, वाळूने पुरू नये म्हणून बोअरच्या तोंडावर ठेवला. त्यावर दगड ठेवला. हलवून पाहिला. आणखी एक ठेवला.

मग गाडीत येऊन बसला आणि मामांना म्हणाला, "चला."