तिसरं बोट

"मॅडम, ये रसीद नकली है," बँकेतला कारकून सुनंदाला म्हणाला.

ती पावती दिल्लीतल्या मयूर विहारच्या मराठी सेवा मंडळाच्या राखीव ठेवीची. गावाकडून दिल्लीत उपचाराला येणाऱ्यांसाठी मंडळाने दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. अकोल्याची एक आई तिथे मुलाच्या ऑपरेशनची वाट पाहत होती. थकलेलं भाडं सोमवारपर्यंत दिलं नाही तर घरमालक खोल्या रिकाम्या करून घेणार, म्हणून ठेव मोडायला सुनंदा बँकेत गेली होती. पण ठेव दिवाळीआधीच कोणीतरी मोडली होती! पैसे सागवान लावणाऱ्या एका कंपनीत गेले होते आणि त्या कंपनीला आता टाळं होतं. सुनंदा खजिनदार, तेव्हा चोर कोण हे मंडळाने मनोमन ठरवूनच टाकलं.

सुनंदाने बोलावलेल्या खाजगी गुप्तहेर पद्मजा रेगे आपल्या मदतनिसाला, दिलीपला, घेऊन आल्या. त्यांनी पावती उजेडात धरली. कोपऱ्यात हळदकुंकवाची दोन बोटं होती.

"लक्ष्मीपूजनात ठेवतो आम्ही," सुनंदा म्हणाली. "ठेव पंचाण्णवची. दर दिवाळीला एक बोट. यंदा, सत्त्याण्णवच्या दिवाळीत, मी एलटीसीच्या रजेवर केरळात होते."

"मग ठेव मोडायच्या फॉर्मवर तुमची सही कशी?"

"जाण्याआधी आम्ही तिघांनी कोऱ्या फॉर्मवर सह्या करून ठेवल्या. अडीअडचणीला."

तिघं म्हणजे ती, चिटणीस शशिकांत आणि अध्यक्ष राजाभाऊ. पावती आणि ते फॉर्म ठेवलेल्या कपाटाच्या किल्ल्याही तिघांकडेच.

शशिकांत उखडले. "मी पूजेला फक्त फुलं आणली, यार! पावती काढली राजाभाऊंनी, पूजाही त्यांचीच."

"बिल्कुल," राजाभाऊ म्हणाले. "दरवर्षीसारखी, यथासांग."

पद्मजाबाईंनी ओलं बोट कुंकवावर घासलं. रंग जरासुद्धा निघाला नाही.

"कुंकू तर आहे की," दिलीप म्हणाला.

"छापलेलं. रंगीत झेरॉक्समध्ये जुनी दोन बोटं उतरली. पण या दिवाळीचं तिसरं कुठाय? पावती खरी समजणाऱ्याने ते लावलंच असतं. पूजा करणाऱ्याला ती खोटी आहे हे ठाऊक होतं."

राजाभाऊंनी कबूल केलं. "पैसे दुप्पट होणार होते... तिसरी खोली घ्यायची होती. देवीसमोर खोट्या कागदाला कुंकू लावायला हात धजेना."

"आणि सुनंदाताईंच्या तोंडाला काळं फासायला धजला?" पद्मजाबाईंनी विचारलं.

"नोएडाचा प्लॉट विकतो मी," ते पुटपुटले.

नाव धुऊन निघालं, तरी सुनंदा राजाभाऊंसमोर येऊन उभी राहिली.

"प्लॉट विकेल तेव्हा विकेल. अकोल्याची ती आई सोमवारी कुठे जाईल, राजाभाऊ?"