तळच्या थरातला कापूस

लोखंडी नळा तळ्याच्या गाळात अर्धा जाऊन अडकला होता. ममता त्याच्यावर सगळा भार टाकून लटकली, तरी तो हलेना. तेवढ्यात मागून कुणीतरी विचारलं, "मॅडम, तळ्यात बोअर मारून राह्यल्या का?"

हा संघदीप. पांढरकवड्याच्या बाजूला, या तळ्याला लागूनच, त्याचा बियाण्याच्या कापसाचा प्लॉट होता. रोज सकाळी नर ओळीतलं फूल खुडायचं आणि त्याचे पराग मादी ओळीतल्या फुलाला हलकेच पुसायचे, हे त्याचं काम. कापसाचा भाव पडून सगळं शिवार तोंड पाडून बसलेलं, पण याच्या बोलण्यातली मस्करी काही सुटलेली नव्हती.

गाळात जुन्या झाडांचे परागकण हजारो वर्षं टिकतात, ते मोजले की तेव्हाचं रान कळतं, असं तिनं सांगितलं. म्हणजे आपण दोघंही फुलांच्याच मागं, असं म्हणत त्यानं बाह्या सरसावल्या, नळा पार खाली ठोकला आणि आतल्या गाळासकट वर ओढून दिला. वैशाखात वडील गेल्यापासून बाभुळगावच्या या मुलीला कुणी हसवलं नव्हतं. त्या दुपारी ती दोनदा हसली. मग कधी नकाशा, कधी झाडांची नावं… काही ना काही निमित्त काढून ती त्याच्या प्लॉटावर येतच राहिली.

दिवाळीनंतर मात्र ती धावत आली. सूक्ष्मदर्शकाखाली, अगदी तळच्या थरात, तिला एक काटेरी गोल कण दिसला होता. कापूस! तीन हजार वर्षांपूर्वीचा! तिचे मार्गदर्शक सर म्हणाले होते, एवढ्यावर तुझा प्रबंध गाजेल. ही बातमी आधी त्याला सांगायची होती.

संघदीप हसला नाही. हातातलं फूल नुसतं फिरवत राहिला.

"तो माहा कापूस हाये," तो म्हणाला.

तिला समजेना.

"त्या दिशी तुमी गाळ गुंडाळाले प्लास्टिक आनाले गेलत्या. नळ्यातून गाळाचा खालचा तुकडा घसरला… पडते म्हनून हातात झेलला." त्यानं पिवळी बोटं पुढे केली. "प्लॉटातूनच आलतो. हात धुतले नोते."

तो तुकडा आता फेकूनच द्यावा लागणार होता. प्रबंधाचं सगळ्यात चमकदार पान गेलं. ती शेताच्या धुऱ्यावर बसली.

"सांगितलं नसतं, तर मले कधीच कळलं नसतं," ती म्हणाली. एरवी ती त्याच्याशी पुस्तकी मराठीत बोलायची. "मंग सांगितलं काहून?"

"मले तं कळलं असतं ना."

ममतानं त्याच्याकडे पाहिलं. पान गेल्याचं दुःख होतंच, पण त्या दुःखाच्या शेजारी काहीतरी सुखाचं येऊन ऐसपैस बसलं होतं.

"नळा पुन्हा ठोका लागंन," ती म्हणाली. "अन् जिल्ह्यात तळी लय हायेत."

"किती दिवसाचं काम?"

"तीन हजार वर्षांचं."

तो उठला, पँट झटकली. "मंग मायले सांगून येतो."

"काय सांगशीन?"

तो दोन पावलं जाऊन थांबला. "सांगीन, का जावई होऊन बाभुळगावले चाललो…"

ती नाही म्हणाली नाही. फक्त म्हणाली, "हात धुऊन जा."