भैरवच्या पेल्यातला कोरा चहा

संयोगिताने केकचा डबा टेबलावर ठेवला, खुर्चीत बसली आणि मग रडू लागली. आधी डबा, मग रडणं. मुलगी चांगल्या घरातली आहे, हे विलासरावांनी तिथेच ओळखलं.

के. आर. पुरम स्टेशनाच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झाल्यापासून विलासराव रोज सकाळी नऊला सकवारअक्कांकडे येऊन बसत. अक्कांनी तीस वर्षं इस्पितळात सिस्टर म्हणून काढली होती. आता लोकांनी हरवलेलं, लपवलेलं किंवा नाकारलेलं त्या शोधून देत. विलासराव त्यांचे मदतनीस. निदान विलासरावांची तशी समजूत होती.

"रडून घे," अक्का म्हणाल्या. "पण रविवारच्या आत आटप. साखरपुडा आहे ना तुझा?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"पर्समधून पत्रिका डोकावतेय. वाचता येतं मला."

संयोगिता रडता रडता हसली. "आहे नाही, होता. काल आप्पांनी मोडला."

हकीकत अशी. ती व्हाइटफील्डच्या मल्हाररावांची एकुलती एक मुलगी. घराणं तीनशे वर्षांपासून इथलंच. मल्हारराव निवृत्त हेडमास्तर आणि व्यसनमुक्ती मंडळाचे अध्यक्ष. अडुसष्ट वर्षांत त्यांनी दारूचा थेंब चाखला नव्हता. धाकट्या भावाला मात्र त्याच दारूने नेलं होतं. आणि संयोगिताचं मन बसलं होतं रणवीरवर.

"कोण रणवीर?" विलासरावांनी विचारलं.

"टीव्हीवर इन्स्पेक्टर भैरव करतो तो."

विलासराव ताडकन उभे राहिले. "आपला भैरव?"

"बस खाली," अक्का म्हणाल्या. "याला त्या मालिकेचं व्यसन आहे गं. बुधवारी साडेसातला याच्या घराला आग लागली, तर हा जाहिराती लागल्यावर बाहेर येईल."

१९९६ सालच्या त्या डिसेंबरात अर्ध्या बेंगळुरूची तीच गत होती. भैरवची बायको मेलेली. तो प्यायला की त्याला ती दिसते आणि खुनी कोण ते सांगते. दारू सोडावी तर बायको दिसत नाही, दिसावी तर दारू सुटत नाही.

पडद्याबाहेर रणवीरही एकेकाळी खूप प्यायचा. दहा महिन्यांपूर्वी त्याने सोडली. "पुन्हा एकदा जरी शिवलास, तर माझं दार बंद," ही मल्हाररावांची अट होती.

"काल आप्पा पहिल्यांदाच शूटिंग बघायला गेले," संयोगिता सांगू लागली. "मीही होते. चहाच्या सुट्टीनंतर प्रसंग सुरू झाला. रणवीरने पेला रिकामा केला, दोन वाक्यं म्हणाला आणि कोसळला. तोंड लालबुंद, उलट्या. दिग्दर्शकांनी कॉलर सैल केली आणि म्हणाले, याच्या तोंडाला रमचा वास येतोय. संपलं सगळं! अक्का, पेल्यात कोरा चहा असतो. कुणीतरी त्यात रम घातली. कोणी, ते मला शोधून द्या. उद्याच्या उद्या."

विलासरावांनी एव्हाना डबा उघडून केकचा तुकडा तोंडात टाकला होता. काळाभोर, ओलसर, मनुकांनी भरलेला. "वा! कुणी केला?"

"शेजारच्या डोरीनबाईंनी. नाताळच्या केकसाठी त्या दसऱ्यापासून सुकामेवा भिजत घालतात. आप्पांनी चार केक घेतले. एक सेटवर नेला, एक मंडळात वाटला. रणवीरला तर त्यांनी स्वतःच्या हाताने भरवला. कधी नव्हे ते!" तिचे डोळे पुन्हा भरले. "माझ्या तर घशाखाली काही उतरत नाही. तुम्ही घ्या ना अक्का."

"मला साखरेचा आजार आहे." अक्कांनी डबा उचलला, क्षणभर नाकाजवळ धरला आणि आपल्या पिशवीत टाकला.

विलासरावांना वाईट वाटलं. दुसरा तुकडा त्यांनी नुकताच हेरून ठेवला होता.

इंदिरानगरातला तो बंगला मालिकेने भाड्याने घेतला होता. दिवाणखान्याच्या दाराला कुलूप होतं. प्रॉपर्टी, म्हणजे सेटवरचं सामानसुमान, सांभाळणाऱ्या खंडोजीने ते उघडलं.

"कालपासून कुणी हात लावला नाही," तो म्हणाला. "प्रसंग अर्धा राहिला ना! पेला जिथे होता तिथेच राहायला हवा. नाहीतर पडद्यावर पेला आपोआप सरकलेला दिसतो आणि लोक पत्रं लिहितात."

"मीच लिहिलं होतं एकदा," विलासराव म्हणाले.

टेबलावर बाटली होती, शेजारी पेला. पेल्याच्या तळाशी चमचाभर तपकिरी पाणी आणि काठापासून टेबलाच्या पायापर्यंत मुंग्यांची रांग. विलासरावांनी वाकून वास घेतला. नुसता चहा. बाटलीतही चहाच.

"गूळ घालतो," खंडोजी म्हणाला. "रणवीरअण्णांना फिका आवडत नाही. सकाळी मीच करतो, मीच भरतो. अक्का, त्यांच्या चहात विष कालवीन, असा माणूस वाटतो का मी?"

"नाही वाटत. सकाळी ते आले की आधी काय करतात?"

"गोळी घेतात. छोटी, पांढरी. पाण्याबरोबर. रोज माझ्यासमोर. मग तोंड उघडून दाखवतात आणि म्हणतात, खंडोजी, तू साक्षीदार. व्हिटॅमिनची आहे म्हणे."

"कालही घेतली?"

"न चुकता."

विलासरावांनी वहीत लिहिलं, 'पेल्यात चहा.' आणि त्यांचा चेहरा पडला. पेल्यात रम नव्हती, याचा अर्थ रणवीर चोरून प्यायला होता. आपला भैरव!

मेलेल्या बायकोचं काम करणारी शाल्मली व्हरांड्यात गाजर खात बसली होती. एकेकाळी तिचा रणवीरवर जीव होता, हे सगळ्या सेटला ठाऊक होतं.

"तुम्हाला माझ्यावर संशय असणार," ती म्हणाली. "भूत मीच ना! मत्सराने पछाडलेली."

"अशी गोड भुतं इस्पितळात भेटली असती, तर मी निवृत्त झाले नसते," अक्का म्हणाल्या. "तू त्याच्या सगळ्यात जवळ होतीस. काय पाहिलंस?"

"आधी कान लाल झाले. मग गळा, मग तोंड. छातीवर हात दाबून म्हणाला, धडधडतंय. मग उलटी. गंमत सांगू? माझे वडील प्यायचे. आधी जीभ जड, मग बडबड, शेवटी उलटी. याची जीभ शेवटपर्यंत साफ! वाक्यात एक शब्द चुकला नाही."

"सुट्टीत तू काय खाल्लंस?"

"हेच गाजर. केककडे नुसतं बघितलं तरी माझं वजन वाढतं."

दिग्दर्शक अजित हा बारीक, चिडखोर माणूस होता. लग्नानंतर रणवीर मालिका सोडणार म्हणून तो आधीच जळत होता. त्यामुळे विलासरावांनी पेन्सिल परजली.

"हो, वास मलाच आला," तो म्हणाला. "खोटं कशाला सांगू? मल्हारराव शेजारीच होते, पण त्यांचं नाक सर्दीने चोंदलेलं. मी बोललो नसतो तर त्यांना कळलंही नसतं. माझीच जीभ मेली!"

"तुम्ही केक खाल्ला?"

"गुरुवार होता. दत्ताचा उपास. बाकी सगळ्यांनी खाल्ला आणि सगळे ठणठणीत आहेत. केकमध्ये काही नाही, अक्का."

"खरंच," विलासराव म्हणाले. "मीही खाल्ला. उलट हुशारी वाटतेय."

"ते मी बघतेच आहे," अक्का म्हणाल्या.

रणवीर जवळच्या गल्लीत आईबरोबर राहत होता. पांघरूण घेऊन पडला होता. पडद्यावरचा रुबाब कुठच्या कुठे गेला होता.

"मी बाटलीला हात लावला नाही," तो म्हणाला. "पण जाऊ द्या अक्का. कुणी काही केलेलं नाही. कुणाच्या मागे लागू नका."

"साखरपुडा मोडला तरी चालेल?"

त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. "मामांचा राग निवेल कधीतरी." होणाऱ्या सासऱ्यांना तो मामा म्हणत होता.

रिक्षात विलासराव हळहळले. "अपराधी माणूस असाच बोलतो, अक्का."

"अपराधी माणूस दुसऱ्यावर ढकलतो. निरपराध माणूस ओरडतो, कोणी केलं ते सांगा. आणि हा म्हणतो, मागे लागू नका. असं कोण बोलतं, सांग बघू?"

विलासरावांनी स्वल्प विचार केला. स्वल्पच. "नाही सुचत."

शनिवारी सकाळी दहाला सगळे त्या दिवाणखान्यात जमले. मल्हारराव कानटोपी घालून ताठ बसले होते. "मी फक्त मुलीच्या हट्टासाठी आलोय," ते चोंदलेल्या नाकाने म्हणाले. रणवीर दाराशी उभा होता. संयोगिता दोघांच्या मध्ये.

अक्कांनी सुरुवात केली. "पेल्यात चहाच होता. मुंग्या गुळाच्या चहाला लागतात आणि कालपर्यंत पेल्याला कुणी हात लावला नव्हता. म्हणजे खंडोजी सुटला. पेल्यात कुणी रम घातलीच नाही. मग शाल्मली आणि अजितही सुटले."

"मग हाच दोषी," मल्हारराव म्हणाले.

"थांबा. व्हिटॅमिनच्या गोळीला साक्षीदार कुणी ठेवतं का? तोंड उघडून कुणी दाखवतं का? मी आमच्या वॉर्डात अशी एकच गोळी पाहिलीय. दारू सोडणाऱ्याने ती रोज दुसऱ्यासमोर घ्यायची. ती पोटात असताना चमचाभर दारू गेली, तरी कान लाल होतात, छाती धडधडते, उलट्या होतात. झिंग मात्र चढत नाही. शाल्मलीने जे पाहिलं, तेच. आता सांगा, ही गोळी सकाळी आठला घेऊन कोणता माणूस चोरून प्यायला जाईल? ज्याला चोरून प्यायचंय, तो आधी गोळी चुकवेल."

मल्हाररावांनी रणवीरकडे पाहिलं. "गोळी? तू तर म्हणालास निश्चयाने सोडली."

"रोज सकाळी हात पुढे करून ती घेणं, हा निश्चयच," अक्का म्हणाल्या. "तुमच्या माझ्यापेक्षा मोठा. आपल्याला कधी घ्यावी लागली नाही."

"मग रम आली कुठून?" अजितने विचारलं.

अक्कांनी पिशवीतून डबा काढला.

"सगळ्यांनी खाल्ला आणि कुणाला काही झालं नाही, म्हणून सगळ्यांनी हा सोडून दिला. पण गोळी एकाच्याच पोटात होती. मल्हारराव, डोरीनबाई सुकामेवा दसऱ्यापासून कशात भिजवतात?"

"साखरेच्या पाकात. मुरांब्यासारखा."

"काल संध्याकाळी मी त्यांना फोन केला. रममध्ये. त्यांच्याकडे तीन पिढ्यांची रीत आहे. शिवाय भाजून झाल्यावर दर रविवारी केकवर दोन चमचे रम शिंपडतात. त्या म्हणाल्या, मास्तरांना इतका आवडतो, म्हणून यंदा चार चमचे शिंपडली."

मल्हारराव कानटोपी काढून पुन्हा घालू लागले.

"मी... मी किती तुकडे खाल्ले?"

"आप्पा, सहा," संयोगिता म्हणाली.

"मी तर मंडळात वाटला! कार्यकारिणीने पुन्हा मागून घेतला!"

आधी शाल्मली हसली, मग खंडोजी, मग सगळा दिवाणखाना. विलासरावांना एकदम उमगलं, काल आपल्याला एवढी हुशारी कशाने आली होती.

अक्का मात्र हसल्या नाहीत. "अजून एक राहिलं. केक कुणालाही फसवेल, पण जो पंधरा वर्षं रम प्यायला, त्याच्या जिभेला नाही. रणवीर, तुला पहिल्याच घासाला कळलं होतं. म्हणून म्हणालास, मागे लागू नका."

रणवीरने मान खाली घातली.

"मग थुंकला का नाहीस, लेका?" मल्हाररावांनी विचारलं.

"मामा, तुम्ही हाताने भरवलंत," तो म्हणाला. "पहिल्यांदाच. आणि नंतर काय सांगणार होतो? अध्यक्षसाहेब, तुम्हीच मला रम पाजलीत? भावाच्या जाण्यानंतर तुम्ही ते मंडळ उभं केलंत. तुम्ही कोलमडला असता."

मल्हारराव उठले. त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. वर्गात कान पिळणाऱ्या हाताने त्यांनी त्याचं मनगट घट्ट धरलं.

"संयोगिता," ते वळून म्हणाले, "उद्याचं मी पुन्हा..."

"थांबा आप्पा." तिने पदर खोचला. "तुम्ही मला न विचारता मोडलात. आणि याने मला न सांगता मोडू दिलं. दोघं एकाच माळेचे मणी! मला वाचवायचं होतं की एकमेकांना?" ती रणवीरकडे वळली. "पुन्हा माझ्यापासून काही लपवून कुणाला जपायला गेलास, तर मीच दार बंद करीन. कबूल? सरी?"

"सरी," इन्स्पेक्टर भैरव म्हणाला.

"मग फोन कुठाय?"

अजितने फोन पुढे सरकवला. तिने स्वयंपाक्याचा नंबर फिरवला.

"यल्लाप्पाअण्णा, काल आप्पांनी उद्याची साठ पानं रद्द केली ना? ती परत धरा." मग तिची नजर अक्कांवरून विलासरावांवर, शाल्मलीवर, दिव्यांच्या खांबांशी गर्दी करून उभ्या असलेल्या माणसांवर फिरली. "नाही, साठ नको. पंच्याऐंशी धरा. आणि पुरणाचे होळीगे गरम गरम वाढा, हं."