आळलेली मेथी

बीबी गावच्या बाजारात मेथीची शेवटची जुडी एक, आणि धरणारे हात दोन! एक निशिगंधाचा, दुसरा भागवतचा.

"सोडा ना हो... मी आधी धरली," ती म्हणाली.

"अन् मी आधी पाह्यली," तो हसला. "तुमी सुवर्णाताईच्या इंग्रजी क्लासातल्या ना? आज मले तिथं भाजी करून दाखवा लागते. मी करीन, जोडीदारानं इंग्रजीत सांगायचं. जोडीदारच भेटून नाही राह्यला!"

लोणारचं सरोवर बघायला येणाऱ्या परदेशी पाहुण्यांना गाव दाखवायचं काम निशिगंधाला मनापासून हवं होतं. पण ताईंनी बजावलं होतं, आज जी चारचौघांत इंग्रजी बोलेल तिचंच नाव पुढं जाईल. आणि बोलायला उभी राहिली की हिची दातखीळ बसायची.

"मी... बोलते," ती म्हणाली. कशी म्हणाली, देव जाणे! त्याचं हसूच तसं होतं.

क्लासात भागवतनं कढईत मेथीचा ढीग ओतला आणि तो ढीग बघूनच मूठभर मीठ टाकलं. अरे देवा! घरी कधी पळी धरली असेल तर शपथ! निशिगंधाला ओरडायचं होतं, पण मराठीला बंदी, आणि इंग्रजी सुचेना. बघता बघता मेथी तळाला बसली. ताईंनी घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. सगळे फिदीफिदी हसले.

भागवतचे कान लाल झाले... तरी तो हळूच म्हणाला, "सांगा बिनधास्त, माह्यं काय चुकलं ते. लोक मले हसून राह्यले, तुमाले नाही."

तिचं मन भरून आलं. कालच ताईंनी शिकवलं होतं, कापड आटतं, भाजी आळते, इंग्रजीत दोन्हीला श्रिंक.

"मेथी श्रिंक्स," आवाज थरथरला, पण निघाला! "सॉल्ट डज नॉट श्रिंक. फर्स्ट लेट द मेथी श्रिंक... देन पुट सॉल्ट."

मग काय, बाई थांबेचना! चिरण्यापासून वाढण्यापर्यंत सगळं सांगून झालं. ताईंनी तिथल्या तिथं तिचं नाव पक्कं केलं.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "तुमचे लय उपकार झाले. माझ्यासाठी आजवर कोणी असं स्वतःचं हसू करून घेतलं नाही."

"मग एक सांगू? रागावशील...?"

"सांगा."

"मले तू लय आवडली."

निशिगंधानं मान खाली घातली, मग सरळ त्याच्या डोळ्यांत बघत त्याच्याच बोलीत म्हणाली, "मलेबी तू आवडला. उद्या घरी येऊन आमच्या आबाले सांगशील?"

आता घाम फुटायची पाळी भागवतची होती.

"येतो," तो म्हणाला.