शेटचा चष्मा, नानांची टेप

फराहचं उत्तर चौथ्यांदाही शंभरच आलं, आणि तिच्या वर्गातल्या देवेशने तिच्या वहीत लाल पेनाने ऐटीत फुली मारली.

मे महिन्यातच दहावीचे जादा तास सुरू झाले होते. घरचा अभ्यास सोपा होता. जवळचं वाचायचा चष्मा उन्हात धरायचा, खाली पडणारा उजेडाचा ठिपका सगळ्यात बारीक झाला की काच आणि जमीन यांतलं अंतर मोजायचं. शंभराला त्या सेंटिमीटरांनी भागलं की चष्म्याचा नंबर. नानांना चष्म्यासोबत मिळालेल्या चिठ्ठीवर नंबर होता तीन, म्हणजे ठिपका तेहेतिसावर हवा. तो मात्र दर वेळी मीटरभर खाली जाऊन बसे.

"सूर्याचंच चुकत असंल, त्याला क्लास लाव," देवेश म्हणाला. शेजारी बसलेली त्यांची मैत्रीण समीक्षा तोंड दाबून हसली.

नाना म्हणजे फराहच्या आईचे वडील, कळंब नाक्यावरचे सुलेमान टेलर. त्यांच्या मशीनची घरघर ऐकत फराह पाळण्यात झोपली होती. चष्मा मिळाला होता गजाशेटच्या मोफत शिबिरात. गजाशेटचं गावाबाहेर रिसॉर्ट होतं आणि त्याला दानाची भारी हौस. फक्त फोटोवाला आल्याशिवाय त्याचा हात पुढे होत नसे. नाक्यावर लावलेल्या शिबिराच्या बॅनरवर त्याचं डोकं कलिंगडाएवढं होतं, चष्मे घेणाऱ्यांची डोकी मोहरीएवढी. विशालनाचं याहून चांगलं उदाहरण पुस्तकातही नव्हतं.

जुना फुटून हा चष्मा आल्यापासून नानांची शिवण वाकडी जाऊ लागली. शाळेचे तीन गणवेश परत आले. नानांनी दोष ना शेटला दिला ना चष्म्याला. "डॉक्टरनं नंबर काढून दिला, तरी दिसत नाय. म्हंजे डोळंच सरले," एवढंच म्हणाले, आणि जुनी मशिनं घेणाऱ्या स्वप्नीलला रविवारी टेंपो आणायला सांगून मोकळे झाले.

फराह त्या लाल फुलीकडे बघत राहिली. ऊन खोटं बोलत नाही. टेप नानांची, चाळीस वर्षांत कुणाची बाही तोकडी न केलेली. मग उरली कोण? चिठ्ठी.

तिघं उठली ती थेट शिबिरातच चष्मा मिळालेल्या गौराबाईकडे. गौराबाई दारात गोधडीला टाके घालत होती, खरं तर गोधडी सोडून बोटांनाच टोचत होती. तिच्या चिठ्ठीवर दोन. ठिपका पन्नासावर हवा, पडला शंभरावर. पोरं कशाला आली ते ऐकून तिने तिथल्या तिथे ओवी रचली:

"शेटानं दिला चष्मा, फोटू काढले सोळा,
सुईचं नेढं पुसतं, बाई तुझा कुठं डोळा?"

मग धाकलू. त्याला लांबचं दिसत नसे. नवा चष्मा लावून त्याने दोनदा विजेच्या खांबाला रामराम घातला होता. त्याची चिठ्ठी वजा दोन. वजा नंबरची काच उजेड पसरवते, ठिपका पाडतच नाही, हे समीक्षाला पाठ होतं. धाकलूच्या चष्म्याने मात्र मीटरभर खाली झकास ठिपका पाडला. देवेशचं हसू तिथंच मावळलं.

तिघं गजाशेटकडे गेली, तर त्याने मोबाइलवरून मान न उचलताच, आधी दहावी पास होऊन दाखवा, असं सुनावलं. टाय लावलेला त्याचा शिबिरातला डॉक्टर म्हणाला की यंत्राचं काम पोरांना कळत नसतं.

फराहने आवाजात साखर घोळवली. शनिवारी रिसॉर्टवर शेटचा सत्कार आहे, तिथं आम्ही त्यांच्या चष्म्यांतून ऊन पाडून दाखवू, म्हणाली. पाहुण्यांना नवल वाटेल, फोटोही छान येतील. फोटो म्हणताच शेटने मान उचलली.

शनिवारी ऊन माथ्यावर आलं. रिसॉर्टच्या अंगणात नानांचं पांढरं कापड अंथरलं. पाहुण्या होत्या तालुक्याच्या दवाखान्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टर, छायाताई. देवेशने चष्मे धरले, समीक्षाने चिठ्ठ्या वाचल्या आणि फराहने टेप लावली. तीन नंबर, शंभर सेंटिमीटर. दोन नंबर, शंभर. वजा दोन, शंभर.

छायाताईंनी धाकलूचा चष्मा हातात घेऊन उलटासुलटा पाहिला.

"आज ऊन जरा जास्तच आहे," गजाशेट म्हणाला.

"ऊन वाढलं तर ठिपका तापेल, शेट. जागा नाही सोडणार," छायाताई म्हणाल्या.

त्यांनी शिबिरातल्या उरलेल्या चष्म्यांचं खोकं उघडायला लावलं. आत साठ चष्मे, सगळे एकाच नंबराचे. डॉक्टर कुठे आहे म्हणून विचारलं, तर तो रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात दडलेला सापडला. तो शेटचा मेहुणा निघाला. टायखेरीज डॉक्टरकीचं काहीच त्याच्यापाशी नव्हतं. फोटोवाल्याने शेटचा फोटो काढलाच. पण असं तोंड बॅनरवर कोण लावणार?

"माझ्या यंत्राला लाजवलंस गं," छायाताई फराहला म्हणाल्या, आणि सगळ्यांना सोमवारी दवाखान्यात बोलावलं. रविवारी स्वप्नीलचा टेंपो रिकामाच परतला.

आठ दिवसांनी नाना नव्या चष्म्याने पहिल्याच फटक्यात सुई ओवून बसले. शिवण सुतासारखी सरळ धावत होती. मधेच थांबून त्यांनी फराहची वही ओढली, शंभरच्या उत्तरावर बोट ठेवलं.

"ही फुली कुणी मारली रं?"

देवेश कापडाच्या ठाणामागे सरकला. नानांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

"पोरीचं गणित बरोबर हाय. फुली तेवढी वाया गेली. नाक्यावरच्या बॅनरवर मारली असतीस, तर कामाला आली असती."