टोपण लावलेली दुर्बीण

"लाईट बंद करा हो! वाट लावलीत माझ्या तेजोमेघाची!"

टॉवेल काढायला गच्चीवरचा दिवा लावला, तर हा आरडाओरडा! बघते तर दुर्बीण, तिला जोडलेला कॅमेरा, आणि स्टुलावर खालच्या मजल्यावरचा नवा भाडेकरू. चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढतो तो.

"गच्ची तुमच्या नावावर आहे का?" मी फणकारले.

"नाही हो... पण पश्चिम इथूनच मोकळी दिसते." तो इतकं कसनुसं हसला, की माझा राग कुठल्या कुठे पळाला.

दुसऱ्या रात्री मी अंधारात चाचपडत पुन्हा वर! टॉवेल वगैरे काही वाळत नव्हते, उगाच कशाला खोटं बोलू? तीन-तीन मिनिटांचे शेकडो फोटो एकावर एक रचले, की कुठे ताऱ्यांमधला तो तेजोमेघ, एक पुसट ढग, उमटतो, असं तो सांगत राहिला. मी दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावते, पण याच्यासमोर माझीच दातखीळ बसायची.

"पंधरा दिवसांत झालं तर झालं," तो म्हणाला. "मग तो मावळतो... थेट पुढच्या वर्षी."

"आणि दुर्बीण?"

"पलंगाखाली."

म्हणजे फोटो झाला, की ही भेटही संपली.

तेराव्या रात्री चहा घेऊन गेले. कॅमेरा चालू होता, आणि दुर्बिणीच्या तोंडावर चक्क टोपण!

"अहो, टोपण काढायचं विसरलात!"

"नाही, ते... टोपण लावूनही काही फोटो काढावे लागतात. कॅमेऱ्याचे स्वतःचे डाग कळायला."

"किती वेळ?"

"तासभर."

"आणि तुम्ही किती वेळ काढताय?"

तो चष्मा पुसायला लागला. "चार रात्री."

"अगं बाई! मग फोटो?"

"गुरुवारीच झाला." त्याचा आवाज खाली गेला. "सांगितलं असतं, तर तुम्ही वर कशाला आला असता?"

मला हसू आवरेना. चहा हिंदकळला. "आणि मी वेडी रोज देवाला साकडं घालतेय, ढग येऊ देत, याचा फोटो अर्धाच राहू दे!"

"म्हणजे... तुम्ही..."

"आवडता तुम्ही मला. झालं समाधान?"

त्याने माझ्या हातातला कप काढून स्टुलावर ठेवला, आणि रिकामा झालेला हात हातात घेतला.

"उद्या खरंच ढग आले तर?" त्याने हळूच विचारलं.

"पाऊस आला तरी येईन," मी म्हटलं. "छत्री तेवढी तुमची आणा."