उमदुरमानच्या विहीणबाई

कणकेनं माखलेल्या हातांनीच शैलजाताईंनी फोन उचलला आणि वसुधाचा आवाज ऐकून त्यांच्या काळजाचं पाणी पाणी झालं! सुदानमधल्या त्या युद्धात लेकीचा फोन यायचा तो कोपऱ्यावरच्या दुकानात इंटरनेट चालू असेल तेवढाच वेळ... आणि कुठल्या क्षणी तो तोफांच्या आवाजात विरून जाईल याचा काही नेम नसायचा.

"आई, उद्या पहाटे ट्रक निघतोय, इजिप्तच्या सीमेपर्यंत. दोघींना जागा मिळालीये."

"मग निघ ना गं बाई."

"सासूबाई नाही म्हणतायत. त्यांना सोडून मी नाही यायची. आमच्या गल्लीत आता आमचंच एक घर उरलंय, आई."

शैलजाताईंनी हॉलकडे पाहिलं. अमेरिकेत, शॉमबर्गच्या त्या उबदार टाऊनहाऊसमध्ये, पुण्याहून मुलाच्या घरी राहायला आलेले मनोहरराव सोफ्यावर पाठ करून बसले होते. सुदानच्या उमदुरमानहून पुण्यात शिकायला आलेल्या इद्रीसशी वसुधानं लग्न केलं आणि त्याच दिवशी त्यांनी पोटच्या पोरीच्या नावानं आंघोळ केली. तेव्हापासून तिचं नाव घरात काढायचं नाही... आणि संसार मोडू नये म्हणून शैलजाताईंनी तेही मुकाट्यानं गिळलं. लेकीशी बोलल्या त्या चोरून, बाथरूमचा नळ सोडून. शेजाऱ्यासाठी इन्सुलिन आणायला गेलेला इद्रीस गोळीबारात सापडून गेला, तेव्हाही त्या नळाच्या आवाजाआडच रडल्या.

आज मात्र त्या तशाच हॉलमध्ये आल्या आणि फोन स्पीकरवर टाकला.

"का नाही म्हणतायत त्या?"

पलीकडून म्हातारा, खरखरीत आवाज आला. चक्क मराठीत! बाहेर गोळ्या चालू असताना पलंगाखाली पडून सुनेशी बोलता बोलता शिकलेलं मराठी.

"मी रुसली. वसुधा सांगते, तुमच्यात लग्नात मुलाची आई रुसते. मग मुलीचा बाप येतो, हात जोडतो, मान देतो. माझ्याकडे कोण आला? ज्या घराने बोलावलं नाही, तिथे मी नाही येत. ही जाऊ दे. मी म्हातारी, माझं काय."

जिन्यात थबकलेली नात इला हळूच म्हणाली, "आजोबा, शी इज टॉकिंग टू यू."

"ऐकलंत?" शैलजाताईंनी फोन त्यांच्यासमोर धरला. "आजवर तुमच्या शब्दाबाहेर गेले नाही. पण तुमच्या अहंकारापायी आज माझी पोर जाणार असेल, तर अहो, माझ्याही नावानं आंघोळ करून टाका."

फोनमध्ये दूर काहीतरी कोसळलं. माणसांचा कल्लोळ झाला.

"बाबा," वसुधा म्हणाली, "दुकानवाला बंद करतोय."

बाबा! इतक्या वर्षांनी कानावर पडलेल्या त्या एका हाकेनं मनोहरराव उठले. पलीकडे काहीही दिसत नाही हे विसरून त्यांनी फोनसमोर हात जोडले.

"विहीणबाई... चुकलं आमचं. मान द्यायचा राहिला. तुमचा मुलगा गेला, तेव्हासुद्धा मी... कैरोला मी स्वतः येतो घ्यायला. तुम्हा दोघींना. पुण्याचं घर तुमचंच समजा. फक्त उद्याच्या ट्रकमध्ये बसा. मग भेटल्यावर हवं तितकं रुसा माझ्यावर."

"साडी पण? वसुधा म्हणते साडी देतात."

"साडी पण."

आणि फोन बंद पडला.

त्या दिवशी घरात कुणाच्या घशाखाली घास उतरला नाही. इला आयपॅडवर नकाशा उघडून बसली. सीमेपर्यंतचं ते पिवळंधमक वाळवंट बोटानं कितीही सरकवलं तरी संपेना. मनोहरराव पुन्हा पुन्हा विचारत होते, "चार्ज आहे ना गं फोन?" बसल्या असतील का? ट्रक तरी निघाला असेल का...

दुसऱ्या दिवशी दुपारी व्हॉइस मेसेज आला. आधी नुसती इंजिनाची घरघर आणि कुणाच्या तरी लेकराचं रडणं. मग तोच खरखरीत आवाज.

"व्याहीबुवा, बसलो. रस्ता फार वाईट. हिरवी साडी नको, मला आवडत नाही."

मनोहरराव हसले, आणि हसता हसताच त्यांचा चेहरा वेडावाकडा होत गेला. पुढे सगळं वाळवंट होतं, चौक्या होत्या, बंदुका होत्या... शैलजाताई त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या.

"शैलजा," डोळे पुसत ते म्हणाले, "माझा पासपोर्ट कुठे ठेवलायस? आणि तुझा?"